नऊ : आकडा की अक्षर?

मराठीच्या अध्यापकांनी चाळिशी ओलांडल्यावर पायथन ही संगणकभाषा शिकायला घ्यावी, यामागे साहित्यिक कारण मुळीच नव्हते. अंतर्गत चाचणीच्या गुणांची यादी दर सत्रात हाताने करण्याचा आम्हां दोघांना कंटाळा आला होता, एवढेच.

पहिला धडा व्हेरिएबलचा. बीजगणितातला ‘चल’ तो हाच, असे समजून आम्ही निश्चिंत होतो. पण ‘गुण = गुण + १’ हे विधान बीजगणितात असत्य, इथे मात्र ती आज्ञा : उजवीकडचा हिशेब करा आणि ‘गुण’ हे नाव नव्या किमतीला द्या. आम्हांला सर्वनामे आठवली. ‘तो’ एका वाक्यात राजा, पुढच्यात भिकारी. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत नावे देवनागरीत ठेवता येतात, याचा तर आनंदच झाला; गणितातले आकडे मात्र इंग्रजी वळणाचेच लिहावे लागतात.

दुसरा धडा डेटा टाइपचा, म्हणजे किमतींच्या जातींचा : पूर्णांक, दशांश-अपूर्णांक, खरे-खोटे आणि अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग. सी भाषेत नावाची जात आधी जाहीर करावी लागते. पायथनमध्ये जात नावाला नसते, किमतीला असते. हा धडा आम्ही वाचला आणि समजला असे मानले.

मग यादी केली. चाचणी ४० गुणांची. गुण कळफलकावरून भरले, उतरत्या क्रमाने लावले आणि फक्त पहिले नाव छापून घेतले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या मुलाचे अभिनंदन केले. मागच्या बाकावरून तो सावकाश उठला आणि म्हणाला, “सर, मला नऊच आहेत.” वर्ग हसला. तो हसला नाही.

चूक घरी येऊन सापडली. कळफलकावरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथन स्ट्रिंग म्हणूनच घेतो. तिचा पूर्णांक आपण करून घ्यायचा असतो. तो आम्ही केला नव्हता. त्यामुळे यंत्राने गुणांची तुलना शब्दकोशाच्या न्यायाने केली. शब्दकोशात ‘हो’ हा एवढासा शब्द ‘कमलनयन’च्या कितीतरी नंतर येतो, तसा ‘९’ हा ‘३८’च्या पुढे गेला, पहिले चिन्ह पाहिले की निकाल लागला.

आयुष्यभर आम्ही शिकवत आलो की, अर्थ संदर्भाने ठरतो. ‘वर’ म्हणजे नवरा, वरदान की माडीवर, हे वाचक सांभाळून घेतो. वाचकाच्या या चांगुलपणावर आपण किती विसंबून असतो, हे ज्याच्यापाशी तो नाही अशा वाचकाने दाखवून दिले. ‘९’ ही संख्या आहे की खूण, हे सांगण्याची जबाबदारी आमची होती.

पुढच्या तासाला त्याच वर्गासमोर आम्ही त्या मुलाची माफी मागितली आणि चूक फळ्यावर लिहून समजावली. आता गुणांचा पूर्णांक करतो. हजेरी क्रमांक मात्र स्ट्रिंगच ठेवतो, कारण पूर्णांक केला की ‘००७’ची पहिली दोन शून्ये गळून जातात. आणि छापताना नावाशेजारी गुण छापतो. ते आम्ही आधीच पाहिले असते, तर तो मुलगा उठून उभा राहिला नसता.