एमजीबीला बसेल असा रेडिएटर

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा रेडिएटर गळू लागला की मालक विचारतो, नवा कुठे मिळेल? मिळणे हे आता अवघड राहिलेले नाही. एमजीबीचेच घ्या. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात ही गाडी पाच लाखांवर बाहेर पडली आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या. एवढे गिऱ्हाईक असल्यावर सुटे भाग घडवणाऱ्यांचा धंदा चालणारच. ब्रिटिश मोटर हेरिटेज तर १९८८पासून या गाडीची अख्खी बॉडी नवीकोरी बनवून देते. त्यापुढे रेडिएटर म्हणजे किरकोळ गोष्ट. कठीण आहे ते आलेला नग गाडीला बसला असे कधी म्हणायचे हे ठरवणे. भोके जुळली, होज चढले, बॉनेट लागले, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. माझे होत नाही. हवेची आणि पाण्याची जी वाट गाडी आखणाऱ्याने ठरवली होती ती न मोडता जो जागेवर राहतो तोच रेडिएटर बसला असे मी म्हणेन. आणि या कसोटीला बहुतेक वेळा उतरतो तो जुनाच रेडिएटर, आतली जाळी नवी घातलेला.

आधी एक साधी अडचण. एमजीबी हे नाव एक असले तरी रेडिएटरच्या दृष्टीने या निदान दोन गाड्या आहेत. १९७६पर्यंतच्या चार सिलिंडरच्या गाडीत रेडिएटर मागे, इंजिनाला लागून असतो आणि त्यातून हवा ओढणारा पंखा पाण्याच्या पंपाबरोबर पट्ट्यावर फिरतो. १९७७च्या मॉडेलला रेडिएटर पुढे, गाडीच्या नाकाकडे सरकला आणि विजेचे पंखे आले. व्ही-एट इंजिनाच्या गाडीत तो १९७३पासूनच पुढे होता. झाकणाचा दाबही वर्षांबरोबर चढत गेला. हा दाब म्हणजे नुसता तपशील नव्हे. सात पौंडाच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, पंधरा पौंडाखाली जवळजवळ १२१ला. नव्या रेडिएटरबरोबर आलेले जादा दाबाचे झाकण तसेच लावले, तर उकळी लांबते हे खरे, पण तो दाब साठ वर्षांच्या हीटरला आणि होजांनाही सोसावा लागतो, आणि गळती एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाते.

मोह पडतो तो जाड जाळीचा. दोन किंवा तीन ओळींच्या नळ्यांऐवजी चार ओळी घेतल्या तर गाडी दुप्पट थंड राहील, हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. पण मागच्या ओळीला मिळते ती पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली हवा, म्हणून प्रत्येक जादा ओळीचा उपयोग आधीच्या ओळीपेक्षा कमी असतो. शिवाय जाळी जाड झाली की हवेला तिच्यातून जायला जास्त जोर लागतो, आणि हवा ही आळशी असते. फट दिसली की तिथूनच निसटते. एमजीबीत रेडिएटर ज्या आडव्या पत्र्यात बसतो त्याच्या कडांना फटी बुजवणाऱ्या पट्ट्या असतात. काम झाल्यावर या पट्ट्या परत लावायच्या राहून गेल्या, की नाकातून शिरलेली हवा महागड्या जाळीला वळसा घालून निघून जाते. पंख्याचे आणखी निराळे. इंजिन रबरी माउंटिंगवर तोललेले असते आणि जोरात ब्रेक लागला की ते किंचित पुढे झुकते. पंखा आणि जाळी यांच्यातले अंतर गाडी उभी असताना पुरेसे वाटले तरी त्या क्षणी पाती जाळी खरवडू शकतात. कोणी म्हणेल, मग तो पंखा काढून विजेचा बसवा. बसवता येतो, पण १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आजच्या पद्धतीने तारा जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि गरम हवा मोठ्या निष्ठेने गाडीच्या तोंडाकडे ढकलतो.

मुळात रेडिएटर बदलायलाच हवा होता का, हेही क्वचितच तपासले जाते. गाडी सिग्नलला उभी असताना काटा चढत असेल आणि धावू लागल्यावर उतरत असेल, तर संशय हवेवर घ्यावा: पंखा, पट्टा, फटी. उलट सपाट मोकळ्या रस्त्यावर वेगात जाताना काटा चढत असेल, तर नळ्यांत क्षार साचले असण्याची शक्यता जास्त. त्यातही निम्मा दोष इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमधल्या गाळाचा असू शकतो, आणि तो गाळ धुऊन न काढता नवा रेडिएटर लावला तर सगळा त्याच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. जॅग्वारच्या ई-टाइपचा दाखला इथे बोलका आहे. १९६१च्या त्या देखण्या गाडीचे तोंड अगदी लहान होते. १९६८च्या दुसऱ्या मालिकेत कंपनीने ते रुंद केले आणि थंडाव्यासाठी दोन विजेचे पंखे दिले. रूप थोडे बिघडले, याबद्दल रसिक आजही कुरकुरतात. पण हवेच्या वाटेला किती महत्त्व आहे हे कारखान्यालाच कबूल करावे लागले.

उन्हाचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. पाणी नव्वद अंश आणि हवा वीस अंश असेल तर फरक सत्तरचा. हवा चाळीसची झाली की उरतात पन्नास, म्हणजे तोच रेडिएटर पाव हिश्शाहून जास्त क्षमता गमावतो. ॲरिझोनातल्या किंवा नागपुरातल्या मालकाने जास्त क्षमता मागितली तर ती चैन नव्हे. पण जुन्या टाक्या ठेवून त्यांत जास्त दाट पंखुड्यांची जाळी घालून घेता येते. बाहेरची मापे आणि होजांची तोंडे तीच राहतात. आधी नवीपणातली मूळ क्षमता परत मिळवावी, फटी बुजवाव्यात, आणि मग कमी पडले तर वाढवावे. बरेचदा पहिल्या पायरीवरच काम भागते.

ॲल्युमिनियमवाल्यांचे म्हणणे जास्त तगडे आहे. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमच्या बरेच पुढे असले, तरी जुन्या रेडिएटरच्या नळ्या पितळेच्या आणि सांधे शिसे-कथलाचे असतात, आणि हे दोन्ही तांब्याच्या मानाने मंद. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, वजन कमी, किंमतही पुष्कळदा कमी. हे सगळे मान्य. शर्यतीत उतरणाऱ्याने तोच घ्यावा. पण रस्त्यावरच्या गाडीत बिडाचा ब्लॉक आणि जुना तांब्याचा हीटर यांच्या संगतीत ॲल्युमिनियम आले, की कूलंटमधला गंजरोधक वेळेवर बदलणे ही सक्ती होते. हयगय केली तर आधी झिजते ते ॲल्युमिनियम. आणि ते फुटले तर डाख देणारा मिळत नाही, नग टाकून द्यावा लागतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून, सळई फिरवून, डाख देऊन पुन्हा चालू करणारे कारागीर ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या कृपेने आपल्याकडे अजून गावोगाव सापडतात. ब्रिटनमध्ये हे काम ठरावीक दुकानांपुरते उरले आहे आणि तिथे मजुरी नव्या नगाच्या किमतीला भिडते. तिथल्या मालकाने हिशेब मांडून नवा घेतला तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

अस्सलपणाचा आग्रह धरणारे दुसऱ्या टोकाला असतात. त्यांना नवी जाळीही खटकते. पण जाळी हा झिजणारा भाग आहे, टायरसारखाच. कारखान्याने ती कायमची म्हणून दिलीच नव्हती. फिवा या जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची २०१२ची ट्यूरिन सनद याबाबत समंजस आहे: बदल करावाच लागला तर तो उलटवता येईल असा असावा आणि काढलेले महत्त्वाचे भाग गाडीबरोबर जपावेत. म्हणून बाजारातला नवा रेडिएटर घ्यायचाच झाला, तर मूळच्या भोकांत, मूळच्या झाकणाच्या दाबावर, पत्रा न कापता बसणारा घ्यावा. विक्रेता जेव्हा “थोडे कापले की बसतो” असे सांगतो, तेव्हा तो दुसऱ्याच गाडीचा रेडिएटर विकत असतो.