पाण्याचा आराखडा आणि वाचक



हस्तलिखित वाचावे कसे, हा या घटकाचा विषय आहे. त्याचे एक उत्तर मला माझ्याच विद्यार्थ्याकडून मिळाले, हे प्रांजळपणे सांगावयास हवे.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘एडविन स्तोत्रग्रंथ’ नावाचे सचित्र हस्तलिखित आहे. १२व्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील कँटरबरीच्या मठात ते सिद्ध झाले. प्रत्येक स्तोत्राच्या तीन लॅटिन संहिता शेजारीशेजारी आणि ओळींच्या मधल्या जागेत प्राचीन इंग्रजी व अँग्लो-नॉर्मन फ्रेंच भाषांतरे, अशी त्याची रचना. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला याहून मोठे घबाड कोणते? अनेक वर्षे मी ती पाने वर्गात दाखवीत आले आणि अखेरीस येणारे मठाचे चित्र मात्र केवळ पुरवणी समजून मागे टाकीत आले.

एका संपर्कसत्रात ते चित्र पडद्यावर क्षणभर रेंगाळले. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात फिटर असलेले एक विद्यार्थी उठून म्हणाले, “मॅडम, थांबा. ही पाण्याची लाइन आहे.”

खरोखरच तो मठाचा प्रायर, म्हणजे कारभारी प्रमुख, विबर्ट (मृत्यू ११६७) याच्या पाणीयोजनेचा आराखडा आहे. शहराबाहेरील झऱ्याचे पाणी नळातून निघते. वाटेत गाळ खाली बसविणाऱ्या पाच टाक्या लागतात. शेत, द्राक्षमळा व फळबाग ओलांडून ते तटाच्या आत येते आणि हातपाय धुण्याची कुंडे, स्वयंपाकघर, मद्य गाळण्याची जागा, मत्स्यकुंड यांना पुरविले जाते. वापरलेले व पावसाचे पाणी शेवटी शौचकूपांखालील गटार धुऊन नेते. नळ रंगांनी ओळखता येतात. इमारती मात्र आडव्या पाडल्यासारख्या दिसतात. कारण चित्रकाराला जमिनीवरील मांडणी आणि दर्शनी भिंती एकाच वेळी दाखवावयाच्या होत्या.

“आणि लाइन बंद पडली तर?” त्यांनी विचारले.

मी चित्रातील विहिरीजवळची लॅटिन टीप प्रथमच नीट वाचली. मुख्य नळाचे पाणी बंद झाल्यास विहिरीचे पाणी शेंदून शेजारच्या स्तंभात ओतावे, म्हणजे ते सर्व विभागांना पोचविता येईल, अशा आशयाची ती आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या लेखकाला तोच प्रश्न पडला होता. लॅटिन मला येत होते, पण प्रश्न सुचला तो त्यांना.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, घर सांभाळून ही पुस्तिका उघडतात आणि आपले काम अभ्यासाच्या आड येते, असे मानतात. तसे मानू नका. पुढील पाठातील हस्तलिखिताचे चित्र प्रथम आपल्या व्यवसायाच्या नजरेने पाहा, पडलेला एक प्रश्न वहीत लिहा आणि मगच माझे विवेचन वाचा.