गोटा टायर, रेसचा टायर आणि दोन ओळींची बातमी

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय टायरचा आहे. राजकारण नाही, त्यामुळे लाईक कमी येणार हे माहीत आहे. पण ज्यांच्या दारात मोटरसायकल उभी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आपल्या तालुक्यात म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. वय चोवीस. दोन वर्षांपूर्वी त्याने जुनी ड्यूक ३९० घेतली. शनिवारी गावाकडे येणं, रविवारी रात्री परत, मधे घाट. परवा दोन्ही टायर संपले. दुकानात नव्या जोडीचा भाव निघाला चौदा हजार. त्याच आठवड्यात त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, रेसिंग टायरची जोडी, ट्रॅकवर फक्त दोन दिवस चाललेली, पाच हजार.

लगेच फोन. "मामा, रेसचा टायर पाच हजारात! कंपनीच्या टायरपेक्षा पकड दुप्पट. घेऊन टाकू का? आईला सांगू नका फक्त."

आईला सांगू नका म्हणजे प्रकरण मोठं. म्हणलं, पैसे देऊ नकोस, मला चार दिवस दे. बातमीसाठी चार लोकांना विचारायची सवय आहेच, ती घरासाठी वापरली. नाक्यावरच्या टायरवाल्या मामांकडे बसलो. ओळखीतला एकजण कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हौसेने गाडी चालवून आलाय, त्याला तासभर फोन लावला. जे कळलं ते सांगतो.

आधी पोराची बाजू. तो येडा नाही. त्याच्या हिशेबात तथ्य आहे. ट्रॅकवर गाडी बहुतेक वेळ वळणात आडवी असते, म्हणून टायर कडेने झिजतो आणि मधलं रबर शिल्लक राहतं. आपण रस्त्यावर सरळ जातो, आपला टायर मधोमध झिजून चपटा होतो. म्हणजे रेसवाल्याने जो भाग वापरला नाही तो आपल्याला लागतो, आणि त्याने संपवलेली कड आपण फारशी वापरतच नाही. परदेशात ट्रॅकवरून उतरलेले टायर स्वस्तात घेऊन रस्त्यावर चालवणारे म्हणूनच बरेच आहेत. आणि कोरड्या रस्त्यावर, टायर नीट तापलेला असताना, त्याची पकड खरंच जबरदस्त असते.

अडचण त्या "तापलेला असताना"मध्ये आहे.

रेसचा टायर थंडपणी चालायला बनवलेलाच नसतो. त्याचं रबर ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास आल्यावर काम करतं. म्हणून रेस सुरू व्हायच्या आधी टायरला विजेवर तापणारी गोधडी गुंडाळून ठेवतात, टायर वॉर्मर म्हणतात तिला. आता सांगा, पुण्यात सकाळी सहाला थंडीत गाडी काढणाऱ्याने गोधडी कुठे लावायची? गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात, दर शंभर मीटरला स्पीडब्रेकर, त्यात तो टायर तापणार कधी? म्हणजे जी पकड बघून घेतला, ती आपल्या वाट्याला येतच नाही. उलट पहिल्या काही किलोमीटरला साध्या टायरपेक्षा कमी पकड मिळते.

दुसरं, "फक्त दोन दिवस". माणूस दिवस मोजतो, रबर तापणं आणि थंड होणं मोजतं. एकदा पूर्ण तापून थंड झाला की रबर थोडं कडक होतं, पुन्हा तापला की आणखी. ट्रॅकच्या एका दिवसात असे पाच-सहा फेरे सहज होतात. खोबरेल तेलासारखं ते पुन्हा पातळ होत नाही. टायर दिसायला काळाभोर आणि जाड, पण आतून त्याचा दम गेलेला असू शकतो. डोळ्यांनी ते कळत नाही.

तिसरं, पाणी. टायरवरची नक्षी शोभेची नसते. पावसात रस्ता आणि रबर यांच्यामधलं पाणी त्या खाचांतून बाहेर फेकलं जातं. रेसचा स्लिक टायर म्हणजे खाच नावाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली, अनेकांनी टीव्हीवर बघितली असेल. त्या रेसमध्ये नियम असा आहे की मधेच पाऊस आला तर रायडर पिटमध्ये येऊन खाचांचे टायर लावलेली दुसरी गाडी घेतो. जगातले सगळ्यात तयार रायडर, पण ओल्यात स्लिकवर राहायचं धाडस फार वेळ करत नाहीत. आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर धूळ, ऑइल आणि पाणी यांचा साबण झालेला असतो. गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल आणि उसाची चिपाडं असतात ती वेगळीच. आणि आपल्याकडे दुसरी गाडी पिटमध्ये उभी नसते.

मी भाच्याला एवढंच सांगितलं, पैसे देण्याआधी टायरच्या कडेचा फोटो मागव, सगळी अक्षरं दिसतील असा. फोटो आला. कडेवर इंग्रजीत कोरलेलं होतं, नॉट फॉर हायवे यूज. बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय की हा रस्त्यासाठी नाही. विकणाऱ्याने जाहिरातीतला फोटो बरोबर दुसऱ्या बाजूने काढला होता.

पोरगं थोडं हिरमुसलं. "मामा, तुम्ही पत्रकार लोक सगळ्यातच खोट काढता." पण जोडी घेतली नाही. नवी घेतली, रस्त्यासाठी बनवलेली. त्यात मधलं रबर टणक आणि कडेचं मऊ असतं, म्हणजे सरळ रस्त्यावर लवकर झिजत नाही आणि वळणात पकडही मिळते. निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझ्या ताईने भिशीतून दिले. आईला कळलंच शेवटी.

भाच्याचं इथे संपलं. मी पोस्ट लिहायला बसलो ते वेगळ्या कारणाने.

टायरवाल्या मामांकडे बसलो होतो त्या दोन तासांत सात गिऱ्हाईकं आली. त्यातल्या पाचांनी एकच प्रश्न विचारला, "मामा, सेकंडमध्ये आहे का?" रेसबिस काही नाही. शंभर सीसीची गाडी, मागचा टायर गोटा झालेला. नवा घेतला तर दीड-पावणेदोन हजार. सेकंड तीनशे-चारशेत. दोन हजाराला चारशे हा पर्याय ज्याला आहे, त्याला रबराच्या तापमानावर भाषण देऊन उपयोग नाही.

एक दूधवाला होता, वाकडी वाट करून चार गावांचं दूध डेअरीला घालणारा. मागे चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन. त्याच्या टायरवरची नक्षी पूर्ण गेलेली, एका जागी आतला धागा दिसत होता. त्याला म्हणलं, "भाऊ, पावसाळ्याच्या तोंडावर हे बरं नाही." तो हसला. "सायेब, दुधाचं बिल दहा तारखेला. टायरला आज पायजे."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामांनी सेकंड टायर कुठून येतात तेही सांगितलं. काही चांगले असतात, नवी गाडी घेऊन लगेच मोठे टायर टाकणाऱ्यांचे उतरवलेले. काही भंगारात गेलेल्या गाड्यांचे, पाच-सात वर्षं उन्हात पडलेले. आणि काही असे की गोटा टायरवर गरम पातीने नव्या खाचा पाडल्या, वरून काळं पॉलिश मारलं. खाच दिसते, पण तिच्याखाली रबर राहिलेलंच नसतं. मामा म्हणाले, "मी ठेवत नाही. पण मी ठेवला नाही म्हणून माणूस नवा घेत नाही, पुढच्या दुकानात जातो."

आता सरकारी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या झिजेची मर्यादा आहे. दुचाकीसाठी खाचेची खोली ०.८ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. तपासतं कोण? खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची. त्या १५ वर्षांत गाडी आरटीओत तपासणीला जावी लागत नाही. धुराची पीयूसी दर वर्षी लागते, विमा लागतो, हेल्मेट नसलं की चौकात पावती मिळते. हे सगळं हवंच. पण गाडीला रस्त्याशी जोडणारा जो तळहाताएवढा रबराचा तुकडा, त्याच्याकडे वाकून बघणारा माणूस पूर्ण यंत्रणेत मला सापडला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. साधारण ७५ हजार. किती जण टायरमुळे गेले, असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न आधीचा आहे. आपण तसं बघतो तरी का?

वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतोय. "दुचाकी घसरून तरुण ठार" ही दोन ओळींची बातमी आमच्याकडे महिन्याला येते, पावसाळ्यात आठवड्याला. ती पोलीस ठाण्याच्या नोंदीवरून बनते आणि नोंदीत वाक्य ठरलेलं असतं, भरधाव वेगात, हयगयीने, नियंत्रण सुटल्याने. स्वतःच घसरून गेलेल्या माणसावरच त्याच्या मरणाचा गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी कलम ३०४ अ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६. मी वाचलेल्या पंचनाम्यांत गाडीचा नंबर असतो, रंग असतो, हेडलाइट फुटलेला असतो. मागच्या टायरवर किती रबर होतं, हे क्वचित असतं. म्हणजे माणूस वेगाने मेला, अशी कायमची नोंद होते. तो टायर त्याने का बदलला नव्हता, दुधाचं बिल कधी येणार होतं, हे कुठेच येत नाही.

आणि पैशांचं म्हणाल तर, जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून मोटरसायकलच्या टायरवर २८ टक्के कर होता. चैनीच्या वस्तूंच्या पंगतीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. चांगलं झालं, मोकळ्या मनाने म्हणतो. पण आठ वर्षं सरकारच्या लेखी टायर ही चैन होती, हे विसरायला नको. आणि १८ सुद्धा दूधवाल्याला कमी नाहीत. दुचाकीचा टायर आणि हेल्मेट यांचा कर पाच टक्क्यांवर आणा, ही मागणी एखाद्या आमदार-खासदाराने केली तर आपण टाळ्या वाजवू, पक्ष कुठलाही असो.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं लिहितो.

एक, टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. सेकंडच नाही, "नवा" घेतानाही बघा. दुकानात चार वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात गळ्यात मारतात.

दोन, खाचांच्या तळाशी मधेमधे छोटे उंचवटे असतात. कडेला टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते, त्या सरळ रेषेत बघा. रबर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

तीन, मापाच्या पुढचा आकडा वजनाचा असतो. ५४ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त २१२ किलो पेलतो. कॅन, पोती, दोन माणसं लादणाऱ्यांनी हे आधी बघावं.

चार, सेकंड घ्यायचाच असेल तर टायर वाकवून बघा. खाचेत बारीक भेगा दिसल्या तर नको. आतून हात फिरवा, पंक्चरचे पॅच मोजा. खाचेच्या कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार दिसल्या तर त्या नंतर पाडलेल्या असू शकतात.

पाच, नवा टायर बसवला की पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून. नवं रबर वरून गुळगुळीत असतं.

सहा, हवा. गाडी थंड असताना, पंधरा दिवसांनी एकदा, गाडीच्या पुस्तकात लिहिली आहे तेवढीच. याला तर पैसेही लागत नाहीत.

आणि एक विनंती. आपल्या तालुक्यात दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत, साखर कारखाना आहे. सणाला सभासदांना साखर देता, भांडी देता, चांगली गोष्ट आहे. एका वर्षी मे महिन्यात दूध घालणाऱ्यांना टायरसाठी दोन हजार बिनव्याजी द्या. दुधाच्या बिलातून पाच हप्त्यांत कापून घ्या. दोन हजारात संस्था बुडत नाही. संचालक मंडळींपैकी बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. मान्य असेल तर खाली कमेंटमध्ये नुसतं "विषय पत्रिकेवर घेतो" एवढं लिहा. पुढच्या मीटिंगला मी वही घेऊन येतो.