राजधानी गेली, दान राहिले

मुंबई-आग्रा महामार्गावरील ओझर हे गाव बाहेरच्या लोकांना विमानांच्या कारखान्यामुळे ठाऊक आहे. गावाभोवती द्राक्षांचे मळे आहेत, आणि पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारी जैन घराणी आहेत. अशाच एका घरातील आजी गेल्या वर्षी निवर्तल्या. त्यांचे पहिले पुण्यस्मरण जवळ आले, तसा घरात एक प्रश्न उभा राहिला. मळ्यात संगमरवरी छत्री बांधावी आणि तिच्यावर आईचे नाव कोरावे, असे थोरल्या मुलाच्या मनात होते. एवढा पैसा दगडात घालणे धाकट्याला मान्य नव्हते. बोलण्याने बोलणे वाढले. एकाच गादीवर बसणारे ते दोघे भाऊ पुढे गिऱ्हाइकापुरतेच एकमेकांशी बोलू लागले.

भाऊसांनी, म्हणजे आजोबांनी, कोणाचीच बाजू घेतली नाही. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना देवगिरी आणि वेरूळ दाखवायचे ठरले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “दोघेही चला. गाडी एकच न्यायची.”

नवकारशी झाल्यावर मंडळी निघाली. दशम्या, खाखरे आणि उकळलेले पाणी बरोबर होते. चांदवडचा डोंगर दिसू लागला, तसे भाऊसा मुलांना यादवांविषयी सांगू लागले. यादवांची सर्वांत जुनी राजधानी चंद्रादित्यपूर. ते म्हणजेच हे चांदवड, असे अभ्यासक मानतात. पुढे सिन्नर हे त्यांचे मोठे ठाणे झाले, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी केली. ज्या वाटेने आज कांदा आणि द्राक्षे जातात, त्याच मुलखातून एक राजसत्ता हळूहळू पूर्वेकडे सरकत गेली होती.

पहिल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबरा पाहून झाला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये मरण पावली. तिची ही कबर. तिचा मुलगा आझमशहा याच्याशी या वास्तूचे नाव जोडले जाते. तिच्यावर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याची नोंद एका जुन्या तवारिखेत आहे. व्यापाऱ्याच्या मुलांना त्या ७ आण्यांचे फार कौतुक वाटले. “हिशेब चोख ठेवला होता,” धाकटा म्हणाला. थोरल्याने उत्तर दिले, “आईसाठी मुलाने केले. त्यात वावगे काय?” संभाषण तेथेच थांबले. चौविहाराची वेळ होत आली होती, म्हणून सर्वजण धर्मशाळेकडे परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगिरी गाठली. तासलेला उभा कडा, खोल खंदक आणि अंधारी वाट पाहिल्यावर हा किल्ला पडला कसा, असे मुलांनी विचारले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात चालून आला, त्या वेळी रामदेवराय यादव गाफील होता, हे भाऊसांनी सांगितले. त्यानंतर काही वर्षांतच यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. पण थोड्याच वर्षांत तीही परत गेली. किल्ल्यात आज ज्याला भारतमाता मंदिर म्हणतात, ती वास्तू मुळात मशीद म्हणून उभी राहिली होती, आणि तिला त्याहूनही जुन्या मंदिरांचे खांब लावलेले आहेत. एकाच खांबाने किती धनी पाहिले असतील, असे सूनबाई हळूच म्हणाल्या.

तेथून वर खुलताबादेत अनेक कबरी आहेत. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्याची कबर येथेच आहे. हैदराबादचा पहिला निजाम आसफजाह येथेच पुरला गेला, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेला औरंगजेबही. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा ज्या क्रूरतेने वध झाला, ते मराठी माणूस विसरू शकत नाही, आणि मंडळी तेथे उभी राहिली ती त्या आठवणीसह. पंचवीस वर्षे दक्षिणेत लढलेल्या या बादशहाची कबर मात्र उघड्या आभाळाखाली, साधी मातीची आहे. भोवतीची संगमरवरी जाळी फार पुढच्या काळातली. टोप्या शिवून मिळवलेल्या ४ रुपये २ आण्यांतच आपले दफन व्हावे, असे त्याने सांगून ठेवले होते, ही गोष्ट तेथे ऐकायला मिळते. धाकटा लगेच म्हणाला, “पाहा, साधेपणा!” भाऊसा म्हणाले, “कबर साधी असली म्हणून हिशेब मिटत नाही. ज्याने जे कर्म बांधले, ते त्यालाच भोगावे लागते.” त्या उत्तराने दोन्ही भावांच्या बाजू लटक्या पडल्या. मोठी छत्री बांधून पुण्य वाढत नाही, आणि न बांधल्यानेही वाढत नाही.

दुपारी वेरूळ. ३० ते ३४ या क्रमांकांची लेणी जैनांची. इंद्रसभेतील आम्रवृक्षाखालची अंबिका पाहून झाली. वेली अंगावर चढल्या तरी न ढळलेल्या बाहुबलींपुढे मुलेही निःशब्द झाली. मग सर्वजण लेण्यांवरच्या डोंगरावर चढले. तेथे पार्श्वनाथ भगवंतांची सुमारे १६ फूट उंचीची बैठी मूर्ती आहे. तिच्यावर शके ११५६ चा लेख आहे. देवगिरीवर तेव्हा सिंघण यादव राज्य करीत होता. पण ही मूर्ती घडवणारा राजा नव्हता. चक्रेश्वर नावाच्या एका श्रावकाने ती करवली. तो चार भावांपैकी एक होता, आणि त्याच्या आईचे नाव स्वर्णा होते. हे दोन्ही तपशील त्या लेखात आहेत. त्याच्या या दानाने डोंगराचे तीर्थ झाले, असेही तेथे म्हटले आहे.

थोरला तेथे बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “आईचे नाव आहे, पण ते भगवंतांच्या पायाशी आहे. येणारा माणूस हात जोडतो तो भगवंतांना.”

वंदना झाल्यावर सगळे पायरीवर बसले. भाऊसा म्हणाले, “आपल्या नाशिकजवळ अंजनेरीला एक लेख आहे. शके १०६३ चा. यादवांच्या पदरी असलेल्या एका वाणी मंत्र्याने जिनमंदिराला दान दिले. काय दिले असेल? सोने नाही, जमीन नाही. काही दुकानांचे उत्पन्न.” क्षणभर थांबून ते पुढे बोलले, “आपल्या जातीचे दान हेच. दुकान चालत राहते, तोवर दान चालत राहते.”

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. महामार्गालगत त्यांचे तीन गाळे भाड्याने दिलेले आहेत. कडेच्या गाळ्याचे भाडे घरखर्चात धरायचे नाही, ते गरजू मुलींच्या शिक्षणासाठी द्यायचे, असे धाकट्याने सुचवले. थोरला म्हणाला, “कोपऱ्याचा नको, मधला देऊ. त्याचे भाडे जास्त आहे.” सूनबाईंनी विचारले, “आणि पाटी?” कोणीच उत्तर दिले नाही, मग भाऊसाच म्हणाले, “पाटी नको. वही पुरे.”

सूर्य कलण्याआधी जेवणे उरकून मंडळी परतीला लागली. येवल्यापर्यंत दोघे भाऊ भाडेकरूच्या करारातील मुदतीविषयी बोलत होते. पुण्यस्मरणाच्या दिवशी ओझरच्या पेढीवर एक नवे खाते उघडले गेले. थोरल्याने शीर्षस्थानी आईचे नाव लिहिले आणि धाकट्याने त्याखाली पहिली रक्कम मांडली.