माझ्या नावापुढे ‘फाइन’

इंग्रजी भाषेशी माझी पहिली ओळख ‘फाइन’ या शब्दाने झाली. गुरुजी वर्गात आले की आम्ही सारी मुले उभी राहून एका सुरात ‘गुड मॉर्निंग’ म्हणत असू. ते विचारीत, “हाऊ आर यू?” आणि चाळीस गळ्यांतून उत्तर येई, “आय अ‍ॅम फाइन!” त्या चाळिसांत कुणाला ताप असे, कुणी सकाळपासून उपाशी असे, पण ‘फाइन’ नसलेला एकही नसे.

पुढे बारा वर्षे ‘फाइन म्हणजे छान’ एवढ्या भांडवलावर माझे चालले. आमच्या गावातही या शब्दाला चांगले चलन आहे. नवी मोटारसायकल फाइन, लग्नातली जिलबी फाइन, एखाद्याचे भाषण फाइन. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पिठाच्या गिरणीत कामाला आहेत. शाळा त्यांनी दुसरीपर्यंतच पाहिली. अक्षरे आता फारशी लागत नाहीत, आकडे मात्र पक्के. कारण वजनकाटा त्यांच्या हातात. त्यांच्या तोंडीही ‘फाइन’ असतो, आणि तो छान याच अर्थाने.

गेल्या वर्षी मी कॉलेजात आलो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ग्रंथालयातून दोन पुस्तके नेता येतात याचेच मला इतके अप्रूप वाटले की दोन्ही घेऊन मी दसऱ्याला घरी गेलो. आईने ती पाटीपूजनाला मांडली, वर हळदकुंकू वाहिले आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. ती तिथेच राहिली. दिवाळीची सुट्टी संपवून परतलो तेव्हा पुस्तकांना बेचाळीस दिवस उशीर झाला होता. दर पुस्तकास दररोज एक रुपया. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी. पुस्तके परत केली, पैसे मात्र नव्हते. आठ दिवसांनी सूचनाफलकावर यादी लागली. वर इंग्रजीत ठळक ‘फाइन’, खाली नावे आणि नावांपुढे आकडे. माझ्या नावापुढे ८४.

आमच्या गावचा एक मुलगा तेव्हा आमच्याच कॉलेजात अकरावीला होता. शनिवारी तो दळण घेऊन गिरणीत गेला आणि मोठ्या कौतुकाने आबांना म्हणाला, “तुमच्या पोराचं नाव बोर्डावर लागलंय. वर फाइन लिवलंय.”

मंगळवारी गिरणी बंद असते. त्या मंगळवारी आबा धुवट टोपी घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजच्या फाटकात उभे. मला म्हणाले, “कुठाय बोर्ड?”

मित्रहो, त्या वेळी मी खरे सांगायला हवे होते. तो एक वाक्याचा प्रश्न होता. पण आबांनी दाढी केली होती, आणि एस. टी.चे दोन्ही वेळचे भाडे मोडून ते आले होते. मी त्यांना फलकापुढे नेले. माझे नाव बोटाने दाखवले. त्यांनी विचारले, “फुडं ह्ये चौऱ्याऐंशी कशाचं?” मी म्हणालो, “मार्क.” “कितीपैकी?” “शंभर.” ते बराच वेळ यादीवरून बोट फिरवीत राहिले. वर, खाली, पुन्हा वर. मग काही न बोलता त्यांनी पुडा सोडला आणि दारात उभ्या असलेल्या ग्रंथपालांपुढे धरला. “पोराचं नाव लागलंय. घ्या साहेब.”

ग्रंथपालांनी फलकाकडे पाहिले, आबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. त्यांनी एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, “फाइन!”

आबांना एस. टी.त बसवून मी परत आलो, खानावळीसाठी ठेवलेल्या पैशांतून ८४ रुपये भरले आणि पावती खिशात घालून संदर्भ विभागात शब्दकोश उघडून बसलो. ज्या शब्दाने माझी ही गत केली तो आहे तरी कोण, हे मला बघायचे होते.

तो एकटा नव्हताच, सारे गोकुळ होते. फाइन म्हणजे उत्तम. फाइन म्हणजे बारीक, पातळ, तलम, नाजूक. हवेला लावला तर निरभ्र, टोकाला लावला तर अणकुचीदार. आणि नाम म्हणून आला की दंड! क्रिकेटमधला ‘फाइन लेग’ म्हणजे चांगला पाय नव्हे, हेही मला तिथेच कळले. लेगच्या बाजूला, फलंदाजाच्या मागे, यष्ट्यांच्या सरळ रेषेशी बारीक कोन करून उभा असतो तो फाइन लेग. सोन्याच्या दागिन्यावर ९१६ असा शिक्का असतो. हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने असा त्याचा अर्थ. त्या शुद्धतेला इंग्रजीत ‘फाइननेस’ म्हणतात. समानार्थी शब्द पाहावेत तर ‘एक्सलंट’, ‘थिन’ आणि ‘पेनल्टी’ हे तिघे एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणारे भाऊ वाटतात. पीटर मार्क रॉजे या गृहस्थाने १८५२ साली शब्द अर्थांच्या गटांनी लावून ‘थिसॉरस’ काढला, त्यात अशा शब्दाला एकच खोली देऊन भागणारे नव्हते.

पण भाऊ ते भाऊच. मूळ एक आहे, लॅटिन ‘फिनिस’. अर्थ : शेवट. एखादी वस्तू घडवीत घडवीत शेवटाला नेली, तिच्यात करण्यासारखे काही उरले नाही, की ती उत्तम. एखादा वाद किंवा गुन्हा पैसे देऊन शेवटाला नेला की ते पैसे म्हणजे दंड. फिनिश, फायनल, डिफाइन, रिफाइन, सारे याच मुळाचे. आमच्या अर्थशास्त्राच्या मित्रांचा ‘फायनान्स’देखील, देणे चुकते करून टाकणे हा त्याचा जुना अर्थ. इंग्लंडात जमिनीचे व्यवहारसुद्धा ‘फाइन’ या नावाच्या कोर्टातल्या तडजोडीने होत. तिचा मजकूर एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून, दोन तुकडे दोन पक्षांना देत आणि तळचा तुकडा कोर्ट ठेवून घेई. ही चाल १८३३ साली कायद्याने बंद झाली. माझ्या पावतीचाही एक तुकडा ग्रंथालयाकडे राहिला होता, ते मला एकदम आठवले.

शेजारच्या फळीवर मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश होता. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची. मनात आले, इंग्रजीलाच का हसावे? आपला ‘दंड’ तरी कुठे सरळ आहे! हाताचा दंड, संन्याशाचा दंड, पहिलवानाने मारायचे दंड, सरकारने करायचा दंड. आणि याच घराण्यातला ‘दांड’, त्यासाठी कोश उघडायची मला गरज नव्हती. आजीचे लुगडे मध्ये विरले की आई विरलेला भाग कापून टाकी आणि दोन्ही चांगली टोके जोडून शिवी. त्या शिवणीला दांड म्हणतात. दांड घातलेले लुगडे आणखी दोन वर्षे जाई.

या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी एका शब्दाचे जमतील तितके अर्थ वाक्यांत योजून आणायला सांगितले. मी अर्थातच ‘फाइन’ घेतला. ‘बारीक’ या अर्थाचे वाक्य मी लिहिले : माझे वडील फाइन पीठ दळतात. सरांनी ‘ग्राइंड’चे स्पेलिंग तेवढे दुरुस्त केले. आबांना ते वाक्य माहीत नाही. पण पीठ पडू लागले की ते पहिली चिमूट अंगठा नि बोटात चोळून बघतात आणि पाळी किंचित आवळतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असते त्याला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

दसऱ्याला घरी गेलो तेव्हा गिरणी बंद होती. आबा दगडाला टाकी लावीत बसले होते. मी शेजारी बसलो आणि वर्षभराचे ओझे उतरवले. ते मार्क नव्हते, दंड होता, असे सांगितले. छिन्नी थांबली नाही.

“म्हाईत हाय,” आबा म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? तुझ्याखाली एका पोराचं एकशेचाळीस व्हतं. शंभरातलं एकशेचाळीस कुणाला पडत्यात रं?”

मला काही सुचेना. “मग पेढे का वाटलेत?”

“आणलं व्हतं. माघारी न्यायचं व्हय?” त्यांनी दगडावरची भुकटी फुंकली. “पैसं कुठनं भरलंस?”

“खानावळीतले.”

“म्हंजे उपाशी ऱ्हायलास.”

“चार दिवस. रात्रीचं फक्त.”

“बरं,” आबा म्हणाले, आणि घरात बघून आईला हाक मारली, “ह्याला आधी वाढ गं.”