कुठलं पाणी, कधीचं पाणी

पौर्णिमेच्या दिवशी राजोडीच्या किनाऱ्यावर दुपारी बाराला पोचलेला छायाचित्रकार आणि संध्याकाळी सहाला पोचलेला छायाचित्रकार, दोघं दोन वेगळ्या समुद्रांचे फोटो घेऊन घरी जातात. बाराला पाणी सुरूच्या बनाकडे चढत आलेलं असतं, गढूळ आणि दांडगं. सहाला तेच पाणी इतकं मागे सरतं की लाटेचा आवाजही लांबून यावा. मध्ये उरते ती काळसर, ओली वाळू. तिच्यावर पाण्याचा जेमतेम कागदाएवढा थर असतो आणि त्यात अख्खं आकाश उलटं पडलेलं असतं.

वसईच्या किनाऱ्यावरच्या जाणत्याला यात नवल वाटत नाही. त्याच्याकडे हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळाशी ताडून पाहिलं तर अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण होडी लोटायला तेवढं पुरतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सूर्य बुडायच्या वेळेलाच पाणी तळाला जातं. शिवाय त्या दिवसांत उधाण असल्यामुळे ते सर्वांत लांब जातं आणि वाळूचा आरसा सर्वांत रुंद होतो. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, हा खेळ नाही. तेव्हा संध्याकाळी पाणी भरलेलं असतं आणि वाळू त्याच्या पोटात. भुईगाव, कळंब, अर्नाळ्याला ट्रायपॉड लावणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये आता भरतीचं ॲप असतं. ॲप मिनिटं सांगतं, कारण मात्र चंद्राचंच.

पाणी हा विषय निवडणाऱ्याची पहिली अडचण ही आहे. डोंगर उद्या आला तरी तिथेच असतो. किल्ला पुढच्या वर्षीही असतो, फार तर एखादा पिंपळ वाढलेला. पाणी मात्र ज्या क्षणी पाहिलं त्या क्षणापुरतंच.

वसईच्या किल्ल्याचे फोटो पुस्तकात छापले जाऊन दीडशे वर्षं होत आली. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरकी करणारे जुझे गर्सन द कुन्हा यांनी 1876 साली चौल आणि वसईच्या इतिहासावर पुस्तक काढलं, त्यात छायाचित्रं होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या नावाजलेल्या सभासदांपैकी एक होते. त्या काळात फोटो ओल्या काचेवर घेत. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. पडकी भिंत एवढा वेळ निमूट उभी राहते. लाट राहत नाही. काचेवर पाण्याच्या जागी नुसतं धुकं उमटायचं.

मराठीत ‘धुणं’ हा शब्द मात्र टिकून राहिला. पुढे फिल्म आली, तरी लोक रोल ‘डेव्हलप’ करत नसत. ‘रोल धुवायला टाकलाय’ म्हणत. लग्नाचे, बारशाचे, मुलाच्या पहिल्या पावलाचे फोटो स्टुडिओमागच्या अंधाऱ्या खोलीत पाण्यातून वर येत. डिजिटल कॅमेऱ्याने ते धुणं संपवलं.

समुद्र काचेवर पकडण्याची पहिली मोठी युक्ती फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने केली, 1856-57च्या सुमारास. त्या काळच्या काचेला एकाच वेळी लाटाही दिसत नसत आणि ढगही. लाटा नीट आल्या की आकाश पांढरंफटक व्हायचं. काही चित्रांत त्याने समुद्राची एक निगेटिव्ह घेतली, आकाशाची दुसरी, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडल्या. प्रदर्शनात लोक थक्क झाले. खालचं पाणी आणि वरचे ढग एकमेकांना कधी भेटलेच नव्हते, हे चित्राकडे पाहून कळत नसे.

पावसाचंही तेच. न्यूझीलंडचा ब्रायन ब्रेक 1960 साली आपल्या मान्सूनचे फोटो काढायला आला. लाइफ मासिकाने 1961 साली छापलेल्या त्या मालिकेतला एक चेहरा जगभर गाजला. डोळे मिटलेली मुलगी, नाकात चमकी, गालावर पहिल्या पावसाचे थेंब. ती मुलगी म्हणजे शाळकरी वयातली अपर्णा सेन. जागा होती गच्ची, आणि पाऊस झारीचा. स्टीव्ह मॅक्करीच्या 1983च्या फोटोतलं पाणी मात्र खऱ्या पुराचं. पोरबंदरमध्ये गळ्याएवढ्या पाण्यातून म्हातारा शिंपी शिलाई मशीन खांद्यावर घेऊन चाललाय आणि हसतोय. मशीन गंजून वाया गेलं होतं. फोटो छापून आल्यावर मशीनच्या कंपनीने त्याला नवं पाठवलं, असं मॅक्करी सांगतात.

मुलीच्या फोटोत पाऊस मागवलेला आहे आणि शिंप्याच्या फोटोत तो न बोलावता घरात शिरलेला आहे. वसई-विरारच्या माणसाला दुसरा लगेच ओळखू येतो. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, वसईच्या मिठागरांत माणसं अडकून पडली. त्या दिवसांचे फोटो बातमीदारांनी काढले, तसेच घराच्या खिडकीतून, जिन्यावरून, कमरेएवढ्या पाण्यात हात उंच धरून साध्या माणसांनीही काढले. त्यांत कुणी प्रकाशाची वाट पाहिली नव्हती. पण पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं ते त्यांत नेमकं दिसतं.

ज्या पाण्याकडे कुणाला बघायचंच नसतं, त्याचेही फोटो आहेत. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची वर्षानुवर्षं छायाचित्रं काढली. त्यांत गटारात उतरलेली माणसं आहेत, काळ्या पाण्यातून फक्त डोकं वर आलेलं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वसईजवळचा चिंचोटीचा धबधबा अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून टिपला तर दुधासारखा दिसतो, सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात टिपला तर काचेच्या चुऱ्यासारखा. गटारातल्या पाण्याला कुठलंच शटर देखणं करत नाही. (चिंचोटीला पावसाळ्यात अनेक जण बुडाले आहेत आणि प्रशासन तिथे मनाईचे आदेश काढत आलं आहे, हेही त्या दुधाळ फोटोत दिसत नाही.)

वसईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेला गेलं की वलसाडजवळ तिथल लागतं. छायाचित्रकार अश्विन मेहता तिथे समुद्राशेजारी राहिले आणि तोच समुद्र पुन्हा पुन्हा पाहत राहिले. ‘कोस्ट्स ऑफ इंडिया’ हे त्यांचं पुस्तक 1987चं. हा समुद्र निळा नाही. नद्यांचा गाळ आणि भरतीचा जोर पाण्याला चहाच्या रंगावर आणून ठेवतो. पाण्यावरची चकाकी काढून तळ दाखवणारा पोलरायझर इथे फारसा कामाला येत नाही. चकाकी निघते आणि खाली दिसतो तो गाळच. अशा पाण्यात सौंदर्य शोधायला मुक्काम करावा लागतो.

वसईला तर तीन पाणी आहेत. पश्चिमेला आणि खाडीला खारं. दक्षिणेला उल्हासची खाडी, उत्तरेला वैतरणा, दोन्हीकडून भरती आत शिरते. त्याच खाऱ्या पाण्याला जूचंद्र-नायगावच्या बाजूला मिठागरांच्या चौकोनांत उन्हाशी एकटं सोडतात. पाणी आटत जातं, मीठ दाट होतं आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे वाफ्यांना कधी कधी गुलाबी-तांबूस झाक येते. कॅनडाच्या एडवर्ड बर्टिन्स्कीने कच्छच्या छोट्या रणातल्या मिठागरांचे फोटो आकाशातून काढले, ते पाहताना कुणी रंगपेटी मांडून ठेवल्यासारखं वाटतं.

दुसरं पाणी गोडं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वाड्यांतल्या विहिरींना गोडं पाणी लागतं, कारण पावसाचं पाणी जमिनीत मुरून खाऱ्याला मागे रेटून धरतं. त्यासाठी जुन्या लोकांनी बावखलं राखली. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसात भरायचं, विहिरींना पाझर द्यायचा, केळी आणि पानवेली जगवायच्या. पुढे वाड्यांतलं पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध आंदोलन उभारलं. उपसा वाढला की तिसरं पाणी येतं, मचूळ. ते जिभेला कळतं, कॅमेऱ्याला कळत नाही. गोड्या विहिरीचा आणि मचूळ विहिरीचा फोटो तंतोतंत सारखा येतो.

फोटोच्या खाली दोन शब्द लिहायची गरज इथे लागते. जपानचा हिरोशी सुगिमोतो 1980 पासून जगभरच्या समुद्रांचे फोटो काढतोय. प्रत्येकात अर्धं पाणी, अर्धं आकाश. होडी नाही, किनारा नाही, माणूस नाही. एक समुद्र दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येईल अशी खूण तो चित्रात ठेवत नाही. शीर्षकात समुद्राचं नाव, जागा आणि साल लिहितो, बस.

कित्येक बावखलं भराव घालून बुजली. गेल्या काही वर्षांत गावांतल्या तरुणांनी काही उपसून, जलपर्णी काढून पुन्हा जिवंत केली आहेत. ‘इथे पाणी होतं’ हे त्यांना आधी सिद्ध करावं लागतं. सातबारा आणि म्हाताऱ्यांची आठवण यांच्या जोडीला घरचे जुने फोटो कामाला येतात. वसईत लग्नाच्या आणि कम्युनियनच्या दिवशी लोक वाडीत उभं राहून फोटो काढत. नवरा-नवरी पुढे, आणि मागे कुणाचं लक्ष नसलेला रहाट, विहिरीचा कठडा, बावखलाचा काठ. तेव्हा विषय माणसं होती आणि पाणी आपलं मागे उभं होतं.

असे फोटो ज्यांच्या घरी असतील त्यांनी पावसाळ्याआधी अल्बम उघडून पाहावेत. ज्या फोटोत मागे पाणी दिसतं तो बाजूला काढावा, घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला ते कुठलं पाणी आणि कधीचं, हे विचारावं आणि फोटोच्या पाठीवर जागा व साल लिहून ठेवावं. लिहिताना पेन्सिल वापरावी. वसईच्या दमट हवेत शाई फुटते.