तिकीट आणि नियत

"उमरा सोडून इस्तंबूल?"

हा प्रश्न मला अहेरीत किमान वीस जणींनी विचारला असेल. काहींनी चेष्टेने, काहींनी काळजीने. आमच्या अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंडाने विचारला नाही. पण आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलत होत्या. त्यांचेही बरोबर होते. घरात एक खोली वाढवायची होती, पत्रे गळत होते. अशा घरातले तरुण नवरा-बायको फिरायला परदेशी जातात, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात आजवर कोणी ऐकलेली नव्हती. परदेश म्हणजे मक्का-मदिना, नाहीतर आखातातली नोकरी.

पैसे मात्र आमचेच होते. जून 2021 मध्ये आमचा निकाह झाला तेव्हा लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा होती. वलीम्यासाठी ठेवलेली रक्कम तशीच राहिली. ह्यांनी ती बँकेत टाकली आणि झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या दुकानातून दरमहा थोडी भर घातली. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या भिशीचा नंबर लागला, तेही त्यात गेले. इस्तंबूलच का, याचे खरे उत्तर सांगायला लाज वाटते. टाळेबंदीत सारा मोहल्ला मोबाइलवर 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूत पाहत होता. मीही पाहिली. इतिहासाचे पुस्तक वाचून कोणी गाव निवडत असेल, मी मालिका पाहून निवडले.

फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात निघालो. थंडीत तिकडे गर्दी कमी, म्हणून तिकीट आणि खोली दोन्ही स्वस्त. अहेरीहून मुंबई गाठण्यापेक्षा हैदराबाद सोयीचे. प्राणहितेवरचा पूल ओलांडला की तेलंगण. माझ्या लहानपणी हा पूल नव्हता. अब्बांचे बोट धरून डोंग्यातून पलीकडे जायचो आणि उतरताच दुकानांच्या पाट्या तेलुगू व्हायच्या. कागजनगरहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून विमान, आखातात बदली आणि मग इस्तंबूलचे आशिया खंडातले विमानतळ. मेट्रोने काडिकोय या धक्क्यावर आलो आणि बोटीत बसलो. वीसेक मिनिटांत युरोप! समोर धुक्यातून घुमट आणि मिनार वर येत होते. हे म्हणाले, "डोंग्यात बसून खंड बदलला की." मला हसू आले आणि डोळेही भरले. नदीच्या दोन काठांवर दोन भाषा असलेल्या गावची मी. दोन काठांवर दोन खंड असलेले शहर मला परके वाटेना.

ह्यांच्या खिशात एक शंभर पानी वही होती. रोज रात्री तीत खर्च लिहिला जाई. फातिह भागातल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली होती; लिफ्ट नव्हती म्हणून भाडे कमी. सकाळी तीळ लावलेला सिमित नावाचा गोल पाव, आपल्या चाळीसेक रुपयांचा. दुपारी पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात. तिला ते कुरू फासुल्ये म्हणतात. चव आपल्या राजम्याच्या जवळची, फक्त तिखट नाही. ती उणीव अम्मींनी न बोलता पिशवीत ठेवलेल्या अंबाडीच्या लोणच्याने भरून काढली. रुसवा होता, तरी बरणी होती.

भाषेची भीती दोनच दिवसांत गेली. उपाहारगृहात बिल मागायचे तर 'हेसाप' म्हणायचे. म्हणजे हिशेब! बाजारात ओझे वाहणारा तो 'हामाल'. साबण तो साबुन, दुकान ते दुक्कान, कागद तो क्याऽत, चौक तो मेयदान. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द तिकडे तुर्कीत गेले, इकडे मराठीत आले. शाळेत 'परभाषीय शब्द' हा पाठ मी दरवर्षी शिकवते. परतल्यावर तो पाठ शिकवताना मी पहिल्यांदाच पुस्तक मिटून ठेवले.

एक शब्द मात्र अडला. खोलीची मालकीण आमच्याकडे बोट दाखवून शेजारणीला 'मिसाफिर' म्हणाली. मला वाटले, मुसाफिर, प्रवासी. नंतर कळले, तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा.

रस्त्यात दुकानदार विचारत, "पाकिस्तान?" आम्ही म्हणायचो, "हिंदिस्तान." मग ते हसून शाहरुख खानचे नाव घेत. गावी परिचय झाला की लोक विचारतात, "तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकी चांगली कशी?" इथे निदान प्रश्न तरी वेगळा होता.

बोटीतून दोल्माबाहचे राजवाडा पाहिला. आत जायला तिकीट भारी, म्हणून पाण्यातूनच. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांना मार्च 1924 मध्ये याच वाड्यातून देशाबाहेर पाठवले. त्यांची मुलगी दुर्रुशेहवार 1931 मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाशी लग्न करून हैदराबादची सून झाली. पुरानी हवेलीजवळ तिच्या नावाचे मुलांचे आणि बायकांचे रुग्णालय आहे. आमच्याकडची आजारी माणसे प्राणहिता ओलांडून हैदराबाद गाठतात. त्या शहरातल्या एका दवाखान्यावर ज्या राजकन्येचे नाव आहे, तिचे माहेर हे. इतिहास असा फिरून घराजवळ येतो, हे मला वर्गात कधी सांगता आले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी आयासोफ्याला गेलो. सन 537 मध्ये चर्च म्हणून उभी राहिलेली ही वास्तू 1453 मध्ये मशीद झाली, 1935 पासून संग्रहालय होती आणि जुलै 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली. आम्ही घरून जी माहिती जमवली होती तिच्यात प्रवेश फुकट होता. प्रत्यक्षात 15 जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्ज्यात जायला माणशी 25 युरोचे तिकीट लागू झाले होते. नमाजींसाठी खालचे दार वेगळे आणि विनामूल्य. दोघांचे 50 युरो म्हणजे साडेचार हजार रुपये. ह्यांनी वही काढली नाही, तरी चेहऱ्यावर बेरीज दिसली.

मग हे हळूच म्हणाले, "आपण नमाजाच्या दाराने जाऊ. दोन रकात पढू, पाहूनही होईल."

मी म्हटले, "तुम्ही अहेरीत जुम्म्याखेरीज मशिदीत जाता का?"

"इथे जायला काय हरकत आहे?"

"हरकत नमाजाला नाही. तिकीट वाचवायला नमाज पढायची, याला आहे. नियत कसली बांधणार? दोन रकात, वास्ते साडेचार हजार?"

हे चिडले. म्हणाले, पैसे वाचवतो ते कोणासाठी? मीही चिडले. साडेचार हजारांत चार पत्रे बदलता आले असते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण रांगेतल्या परदेशी बाया-माणसे निमूट पैसे भरत होती आणि आम्ही मात्र आपण मुसलमान आहोत या गोष्टीचा पाससारखा उपयोग करायचा, हे मनाला पटेना. आयुष्यभर दुसऱ्यांनी आम्हांला नावावरून वेगळ्या रांगेत उभे केलेले सोसले. आज फायद्यासाठी आपणच वेगळ्या रांगेत शिरायचे? भर चौकात आमचे भांडण झाले. सुदैवाने ते दखनीत होते.

आत न जाताच परतलो. मुकाट्याने चढ चढत सुलेमानिये मशिदीपाशी आलो. तिथे तिकीट नाही. वास्तुकार सिनानने 1550 ते 1557 या काळात ही मशीद बांधली. तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमा होई आणि तिची शाई करत, असे सांगतात. सिनानची स्वतःची कबर बाहेर एका कोपऱ्यात, अगदी साधी. एवढ्यात असरची अजान झाली. पर्यटक बाहेर निघू लागले. मीही सवयीने बाहेर निघाले.

सवयीने, हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. अहेरीत आमच्या मोहल्ल्यातली मशीद मी जन्मापासून पाहते आहे, ती बाहेरून. रमजानमध्ये इफ्तारीचे ताट घेऊन दारापर्यंत जायचे आणि एखाद्या पोराच्या हाती आत द्यायचे, एवढाच माझा तिच्याशी संबंध. अजान झाली की पुरुष आत जातात आणि बायका घरी वळतात, हे मला निसर्गनियमासारखे वाटत आले.

दारात एका म्हातारीने माझी बाही धरली. तिने काहीतरी विचारले. मला त्यातला 'नमाज' तेवढा कळला. मी मान हलवली. तिने मला ओढतच मागच्या बाजूला, लाकडी जाळीआडच्या बायकांच्या जागेत नेले आणि रांगेत उभे केले. जोडे माझ्या हातातल्या पिशवीत तसेच होते. ते तिनेच कप्प्यात ठेवले. तेहतीस वर्षांच्या वयात मी पहिल्यांदा इमामामागे, रांगेत, खांद्याला खांदा लावून नमाज पढले. डाव्या बाजूला ती म्हातारी, उजव्या बाजूला दप्तर घेतलेली कॉलेजची पोरगी. रकात किती, हे मी मोजत होते, कारण चुकण्याची भीती होती. सलाम फिरवल्यावर म्हातारीने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "मिसाफिर." पाहुणी! मला रडू आले. अल्लाहच्या घरात मी पाहुणी म्हणून का होईना, पण आत होते.

तिथे सारे आदर्श आहे असे मला म्हणायचे नाही. बायकांची जागा तिथेही मागे आणि जाळीआडच. दुसऱ्या दिवशी युस्कुदारला शाकिरीन मशीद पाहिली. 2009 साली उघडलेल्या या मशिदीची अंतर्गत सजावट झेनेप फादिल्लिओग्लू या स्त्रीने केली आहे आणि बायकांचा सज्जा असा की तिथून सारे दिसते. आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. पुण्यातल्या एका दांपत्याने 2019 मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही जानेवारी 2020 मध्ये प्रतिज्ञापत्रात सांगितले की, स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला इस्लामची मनाई नाही. मनाई नाही, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि गालिच्यावर कपाळ टेकणे वेगळे.

शेवटच्या दिवशी हे एकटेच आयासोफ्याला गेले, जोहरच्या वेळी, खालच्या दाराने. मी बाहेर बाकावर मांजरांना सिमित घालत बसले. अर्ध्या तासाने आले ते गप्प. रात्री वही लिहिताना म्हणाले, "तुझे खरे होते. सजद्यात होतो, पण मन घुमटाकडे. नमाज झाली की नाही, कोण जाणे." मग थोडे थांबून म्हणाले, "तुझे तिकीट काढायला हवे होते." वहीत त्या दिवसाचे पान त्यांनी कोरेच ठेवले. आयासोफ्या आतून मी पाहिलेली नाही. गावातल्या बाया विचारतात तेव्हा तसे सांगते; त्यांना फार हळहळ वाटते. मला वाटत नाही.

परतल्यावर महिनाभरात रमजान आला. मी ह्यांना म्हटले, मशिदीच्या मागच्या वऱ्हांड्यात पडदा लावून बायकांना तरावीहसाठी जागा मिळेल का, विचारा. ह्यांनी विचारले. याआधी त्यांनी विचारले नसते, हे मला ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांनी 'नाही' म्हटले नाही. "जागा अपुरी आहे, बघू" म्हणाले. हे 'बघू' अजून चालू आहे. आम्ही सात-आठ जणी एका घराच्या अंगणात पढतो.

त्या रमजानमधल्या एका रात्री मी अम्मींचे पाय चेपत होते. लोणच्याची रिकामी बरणी मी परत आणली, तेव्हापासून त्यांचा रुसवा ओसरला होता. अचानक त्यांनी विचारले, "तिथे बाया कुठल्या दाराने आत जातात?" मी सांगितले. "चपला कुठे ठेवतात?" तेही सांगितले. "आणि पायऱ्या किती चढाव्या लागतात ग? माझे गुडघे..."

मी म्हटले, "मोजल्या नाहीत अम्मी. बऱ्याच होत्या."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, डोळा लागला. मग अंधारात त्यांचा आवाज आला, "आपल्या इथे तीनच आहेत."